उत्तर द्यावे लागणारी पत्रे

१८३५ साली न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातून येर्ट होवलान नावाच्या एका शेतकऱ्याने नॉर्वेतल्या आपल्या ओळखीच्या माणसाला पत्र लिहिले. तो मूळचा पश्चिम नॉर्वेतल्या हार्डांगर भागातला आणि चारच वर्षांपूर्वी देश सोडून गेलेला. देश सोडल्याचे आपल्याला समाधान आहे, इतक्या थोड्या काळात इथे जे मिळाले ते तिकडे आजवरच्या आयुष्यात मिळाले नव्हते, इथल्या कायद्यापुढे लहानमोठा असा भेद नाही, आणि तिकडे ज्यांचे बायकामुलांसह पोट भरत नाही त्यांनी खुशाल यावे, कितीही माणसे आली तरी जागेला तोटा नाही, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र आले एकाच्या नावाने, पण ते त्याच्या एकट्याचे राहिले नाही. लोकांनी हाताने त्याच्या शेकडो नकला उतरवल्या आणि त्या एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात फिरल्या. अशा पत्रांनी सुरू झालेली चुळबुळ इतकी वाढली की १८३७ मध्ये बर्गनचे बिशप याकोब नॉइमान यांनी शेतकऱ्यांना उद्देशून देशत्यागाविरुद्ध एक उपदेशपत्र काढले. आधारासाठी त्यांनी ‘देशात वस्ती करून राहा, म्हणजे तुझे पोषण होईल’ अशा अर्थाचे बायबलमधल्या स्तोत्रांचे वचन निवडले. एका साध्या कुळंब्याच्या पत्राने बिशपला लेखणी उचलायला लावली, ही त्या काळच्या नॉर्वेत लहान घटना नव्हती.

नॉर्वेजियन देशांतराला २०२५ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने स्टाव्हँगर बंदरातून जुन्या जहाजाची प्रतिकृती अमेरिकेकडे निघाली, समारंभ झाले, आणि ‘अमेरिका-पत्रे’ म्हणून ओळखली जाणारी ही पत्रे पुन्हा चर्चेत आली. अशा प्रसंगी या पत्रांतली सुटी, सुंदर वाक्ये वेचून भिंतीवर लावली जातात. गवताळ माळरान, लाकडी झोपडी, कष्ट, ईश्वरावरची श्रद्धा आणि शेवटी भरलेले कोठार, असे त्यातून उभे राहणारे चित्र असते. मला या प्रथेविरुद्ध बोलायचे आहे. ही पत्रे पराक्रमगाथेचा कच्चा माल म्हणून वापरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि आप्तांपुढे मारलेल्या बढाया म्हणून ती बाजूला सारणे हाही तितकाच अन्याय आहे. ती जबाबदारीची कागदपत्रे आहेत. लिहिणाऱ्याला आपल्या प्रत्येक वाक्याबद्दल ठाऊक असलेल्या, नावागावाच्या माणसांना उत्तर द्यावे लागणार होते. त्यांची विश्वासार्हता या उत्तरदायित्वातून आली, त्यांचे मौनही त्यातूनच आले, आणि ते उत्तरदायित्व ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही त्यांच्यावर झालेला अन्यायही त्याच पत्रांत वाचता येतो.

पहिले जहाज १८२५ च्या जुलैमध्ये निघाले. ‘रेस्टाऊरेशॉन’ नावाच्या त्या छोट्या गलबतावर ५२ माणसे होती. वाटेत एक मूल जन्मले आणि चौदा आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कला ५३ माणसे उतरली. जहाजाच्या आकारमानाच्या मानाने अमेरिकी कायद्याला चालतील त्याहून ही माणसे पुष्कळच जास्त होती. त्याबद्दल झालेला दंड राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफ केला. तिथपासून शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांहून अधिक माणसे गेली. एकट्या १८८२ साली २८ हजारांहून अधिक लोकांनी देश सोडला, आणि तेव्हा नॉर्वेची सारी लोकसंख्या वीस लाखांच्याही आत होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये कसण्याजोगी जमीन थोडी, लोकसंख्या वाढती, आणि शेतमालकाच्या कडेला खोपटे बांधून त्याच्याकडे राबणाऱ्या कुळांना स्वतःच्या जमिनीची आशाच नाही, अशी परिस्थिती होती. परंतु परिस्थिती माणसाला फक्त अस्वस्थ करते. कोणत्या गावी जायचे, कोणत्या महिन्यात निघायचे, पेटीत काय भरायचे हे तिला सांगता येत नाही. ते पत्रांनी सांगितले.

ती पत्रे वाचली कशी जात होती हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. नॉर्वेत १७३६ पासून धर्मदीक्षा सक्तीची झाली होती, आणि तिच्यासाठी धर्मग्रंथ वाचता येणे आवश्यक असल्यामुळे खेड्यातल्या गरिबालाही अक्षरओळख होती. लिहिण्याची सवय मात्र सर्वांना नव्हती. त्यामुळे पत्र लिहिणे हे सणासुदीच्या कामासारखे गंभीर काम होते, आणि पत्र वाचणे हा सामुदायिक प्रसंग होता. आलेले पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले जाई, शेजारी जमत, मग ते पुढच्या घरी जाई. पत्राची भाषाही घरातली नसे. बोलणे हालिंगडालचे किंवा टेलेमार्कचे, पण लिहिणे डॅनिश वळणाच्या ग्रांथिक भाषेत. त्यामुळे आरंभी लेखणी हाती घेतल्याचा उल्लेख, मग प्रकृतिस्वास्थ्याबद्दल देवाचे आभार, मग तुमचीही प्रकृती तशीच असो ही इच्छा, असे ठरलेले साचे असत. ‘पत्रास कारण की’ आणि ‘इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी’ या आपल्याकडच्या वाक्यांशी ज्यांचे बालपण जोडलेले आहे, त्यांना या साच्यांचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अवघडलेल्या हाताला ते पहिल्या चार ओळी पार करून देतात, आणि पाचव्या ओळीला माणूस स्वतःचे बोलू लागतो.

त्या पाचव्या ओळीत बहुधा हिशेब असे. गायीची किंमत, गव्हाचा भाव, मजुराची रोजी, एकर म्हणजे आपल्याकडची किती जमीन, कोणत्या बंदरात किती दिवस अडकलो, जहाजावर बरोबर किती पीठ आणि किती खारवलेले मांस हवे. आजच्या वाचकाला कंटाळवाण्या वाटणाऱ्या या मजकुरातच मला पत्रलेखकाची नीती दिसते. कारण हा आकडा ऐकून कोणीतरी आपले घर विकणार होता. तो कोणीतरी म्हणजे सख्खा भाऊ असेल, मेहुणा असेल, शेजारच्या वाडीवरचा मित्र असेल, आणि वर्षभरात तो बायकामुलांसह दारात येऊन उभा राहणार होता. खोटे लिहिले तर ते त्याच्या डोळ्यांना डोळा देऊन निस्तरावे लागणार होते. म्हणून या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा लिहिलेले आढळते: मी कोणालाही ये म्हणणार नाही आणि येऊ नको असेही म्हणणार नाही, मी आहे तसे सांगतो, निर्णय ज्याचा त्याने करावा. कोणी याला पळवाट म्हणेल. मला ते त्या पत्रव्यवहारातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटते, कारण दुसऱ्याच्या आयुष्याचा भार किती असतो हे कळलेला माणूसच असे लिहितो.

पुढे या बोलण्याला प्रतिस्पर्धी आले. जहाज कंपन्यांचे दलाल गावोगाव फिरू लागले, छापील जाहिराती लागल्या, आणि १८६९ मध्ये नॉर्वेला कायदा करून देशांतरितांच्या वाहतुकीवर आणि दलालांच्या व्यवहारावर पोलिसांची देखरेख ठेवावी लागली. दलालाला माणूस जहाजात चढला की त्याच्याशी देणेघेणे उरत नव्हते. पत्र लिहिणाऱ्याचे देणेघेणे माणूस जहाजातून उतरल्यावर सुरू होत होते. त्यामुळेच जाहिराती वाढल्या तरी पत्राचे महत्त्व कमी झाले नाही. उलट पत्राबरोबर आधीच पैसे भरलेले तिकीट येऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा तिकिटांवर जाणाऱ्यांचे प्रमाण मोठे झाले. आपले शब्द खरे आहेत याचा यापेक्षा मोठा पुरावा गरीब माणूस देऊ शकत नाही.

ओले रिनिंग या तरुणाची गोष्ट इथे सविस्तर सांगितली पाहिजे. तो धर्मोपदेशकाचा मुलगा, शिकलेला. १८३७ मध्ये ‘एगिर’ या जहाजातून तो बर्गनहून निघाला आणि आपल्या सोबत्यांबरोबर शिकागोच्या दक्षिणेला बीव्हर क्रीक इथे वस्तीला गेला. उन्हाळ्याच्या अखेरीस कोरडी दिसलेली ती जमीन वसंतात पाण्याखाली गेली. दलदलीतून मलेरिया आला आणि वस्तीतली बहुतेक माणसे मेली. त्याआधीच्या हिवाळ्यात भटकंती करताना रिनिंगचे पाय हिमदंशाने निकामी झाले होते, आणि अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्याने अमेरिकेची ‘खरी हकिकत’ सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिची मांडणी प्रश्नोत्तरांची आहे. तिथे जागा भरून गेली आहे का, सरकार नव्यांना येऊ देणार नाही हे खरे का, कोणी यावे आणि कोणी येऊ नये, असे शेतकऱ्याच्या ओठांवरचे प्रश्न घेऊन तो एकेकाचे उत्तर देतो. स्वातंत्र्याची स्तुती करतो, आणि त्याच देशात माणसांची गुरांसारखी खरेदीविक्री होते हेही न लपवता लिहितो; उत्तर आणि दक्षिण यांची त्यावरून फाटाफूट होईल किंवा रक्तपात होईल, असा त्याचा अंदाज होता आणि तो तेवीस वर्षांनी खरा ठरला. आन्स्टेन नाटेस्टाड या देशबांधवाने ते हस्तलिखित नॉर्वेला नेले आणि १८३८ मध्येच ते छापले गेले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रिनिंग तापाने वारला. ज्या भूमीने त्याला मारले तिच्याबद्दल त्याने न चिडता, न भुलता लिहिले, आणि ती पुस्तिका वाचून हजारो लोक निघाले. यात विसंगती नाही. वाचणाऱ्यांनी धोकाही वाचला होता. धोका लपवलेला नाही हे पाहूनच उरलेल्या मजकुरावर त्यांचा विश्वास बसला.

मस्कीगोचे उदाहरण जाहीर पत्राचे आहे. विस्कॉन्सिनमधल्या या वस्तीला रोगराईने अक्षरशः पोखरले होते आणि तिकडे नॉर्वेत अमेरिकेविरुद्ध लिखाणाला जोर आला होता. तेव्हा ६ जानेवारी १८४५ रोजी ८० माणसांनी एका पत्रावर सह्या केल्या आणि ते राजधानीतल्या ‘मॉर्गेनब्लाडेट’ या वृत्तपत्रात छापून आले. आम्ही श्रीमंत होण्याच्या आशेवर नाही, हाल सोसले आहेत आणि सोसतो आहोत. परंतु धर्माच्या व राज्याच्या व्यवहारात समान मानणाऱ्या सुपीक देशात आम्ही राहतो आणि कोणाच्या खास परवानगीवाचून हवा तो धंदा करून प्रामाणिकपणे पोट भरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या झोपड्यांत नुकतेच मृत्यू होऊन गेले होते त्यांच्या त्या सह्या आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मजकुराला प्रचार म्हणणे जमत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ज्यांचे फसले त्यांनी लिहिलेच नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी अभिमानापोटी दुःख गाळले. म्हणून पत्रांवरून देशांतराचे चित्र काढणे म्हणजे जिंकलेल्यांच्या जबानीवर निकाल देणे होय. यातले पहिले अर्धे मला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्याला मात्र पत्रेच उत्तर देतात. ग्रू स्वेन्सेन ही हालिंगडालमधली तरुणी १८६२ मध्ये नवऱ्याबरोबर निघाली आणि आयोवातल्या एस्टरव्हिलजवळ स्थायिक झाली. ती आईवडिलांना लिहिते की इथले जगणे आपल्या खोऱ्यापेक्षा इतके निराळे आहे की स्वयंपाकापासून सगळे पुन्हा शिकावे लागते. आणि अमेरिकेत बायकांना निवांतपणा असतो असे तिकडे ऐकले होते, पण तसे म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. नवरा यादवी युद्धात सैन्यात ओढला गेला, तेव्हा ती लहान मुलांसह माळरानावर होती. दहाव्या बाळंतपणानंतर १८७८ मध्ये, चाळिशीही न गाठता, ती गेली. टेक्सासमधल्या एलिसे व्हेरेन्शॉल्ड यांनी तर आपल्या प्रांताची निंदा नॉर्वेत छापून आल्यावर जाहीर खंडन केले. पण मुलाचा मृत्यू आणि १८६६ मध्ये झालेला पतीचा खून यांनंतरही त्यांचे लिहिणे थांबले नाही. दुःख गाळणाऱ्यांची ही पत्रे नाहीत. लिहिण्याजोगे काय आणि आईला वाचवण्याजोगे काय, याची रोजची निवड त्यांत आहे.

ही निवड सर्वांत कठीण झाली ती गुरी एन्द्रेसनच्या बाबतीत. मिनेसोटात, नॉर्वे लेक नावाच्या वस्तीच्या पश्चिमेला तिचे घर होते. ऑगस्ट १८६२ मध्ये, डकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांशी झालेल्या युद्धात, तिच्या डोळ्यांदेखत नवरा मारला गेला, थोरला मुलगा मेला, दुसरा जखमी झाला, दोन मुली पळवल्या गेल्या आणि पुढे निसटून परत आल्या. धाकट्या मुलीला घेऊन ती लपत फिरली. आईला हे कळवणारे तिचे पत्र २ डिसेंबर १८६६ चे आहे. चार वर्षे तिच्याने लिहवले नाही. आणि लिहिले तेव्हाही, जखमी होऊन पडलेल्या दोन शेजाऱ्यांना बैल जुंपून तिने दूरच्या गावी पोहोचवले होते, ही ज्यासाठी मिनेसोटा आज तिला स्मरते ती गोष्ट तिने सांगितलीच नाही. आपल्या जनावरांचा हिशेब मात्र दिला. पराक्रमगाथा शोधणाऱ्याला या पत्रात पराक्रम सापडत नाही. तिथे एका लेकीने आईला दिलेला जाब सापडतो.

इथे मात्र थांबून दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे, आणि माझा मुख्य आग्रह याच ठिकाणी आहे. गुरी ज्या जमिनीवर राहत होती ती अकरा वर्षांपूर्वी, १८५१ च्या करारांनी, डकोटा लोकांकडून घेतलेली होती. त्या बदल्यात ठरलेले पैसे १८६२ च्या उन्हाळ्यात वेळेवर आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारी नाकारली, माणसे उपाशी होती. त्याच वर्षी २० मे रोजी अमेरिकेने होमस्टेड कायदा केला, ज्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. २६ डिसेंबरला मॅन्कॅटो इथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिले गेले. आणि पुढच्या वर्षी डकोटांना कायद्याने मिनेसोटातून हाकलण्यात आले. घरी पाठवलेल्या पत्रांत या १६० एकरांचे वर्णन भरभरून येते, पण ती एकेकाळी कोणाची होती हा प्रश्न क्वचितच येतो. पत्रलेखक लबाड होते म्हणून नव्हे. नॉर्वेतल्या स्वयंपाकघरात बसलेल्यांपैकी कोणीही तो प्रश्न त्यांना विचारणार नव्हते. ज्याला उत्तर द्यायचे त्याच्याशी माणूस प्रामाणिक राहतो. कोणत्याही पत्रलेखकाला डकोटा माणसापुढे उत्तर द्यावे लागत नव्हते. आईपाशी एवढी काटेकोर असलेली सचोटी शेताच्या बांधापाशी संपावी, हे मला या साऱ्या पत्रव्यवहारातले सर्वांत दुखरे सत्य वाटते, आणि गुरीच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर राखूनच ते म्हणावे लागते.

म्हणून सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संग्रहालयांनी आणि अभिलेखागारांनी ही पत्रे अख्खी दाखवावीत असे माझे मत आहे. गव्हाच्या भावासकट, जुलाब-तापासकट, त्याच त्या नमस्कारांसकट, आणि शेजारी त्या जमिनीचा करार ठेवून. अमेरिकेत १९२५ मध्ये, देशांतराच्या शताब्दीच्या वर्षी, नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था स्थापन झाली; थिओडोर ब्लेगेन यांच्यासारख्या इतिहासकारांनी नॉर्वेत जाऊन पत्रांच्या प्रती गोळा केल्या; नॉर्वेतही ती जपली गेली. शेतकऱ्याच्या अशुद्ध पत्राला राजाच्या फर्मानाइतकी जागा द्यायची, हा निर्णय कोणीतरी जाणूनबुजून घेतला म्हणूनच आज हा वाद घालता येतो.

तो निर्णय आपल्याकडे घेतला गेला नाही याची खंत मला इथे नोंदवावीशी वाटते. कोकणातून गिरणगावात गेलेल्या माणसांची पत्रे आणि मनीऑर्डरच्या पावत्या घराघरांत तारेला टोचून ठेवलेल्या असत. गावात ती पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचून दाखवी, आणि मग त्याच गावातली आणखी चार पोरे त्याच चाळीतल्या त्याच खोलीत जाऊन राहत. जबाबदारीची रीत तीच होती. घर पाडून नवे बांधताना ती तार पहिल्यांदा चुलीत गेली. अजून ज्यांच्या पोटमाळ्यावर ती शिल्लक आहे त्यांच्याकडून तिच्या प्रती करून घेण्याचे काम विद्यापीठांनी आणि जिल्हा ग्रंथालयांनी आजच हाती घ्यायला हवे, कारण ती पत्रे वाचून दाखवणारी शेवटची पिढी अजून आहे.

नॉर्वेजियन संग्रहातही एक मोठी पोकळी आहे. अमेरिकेतून गेलेली पत्रे टिकली, कारण ती ज्या पेटीत पडली ती पेटी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिली. नॉर्वेतून आलेली उत्तरे मात्र विस्कॉन्सिनहून आयोवाला आणि आयोवाहून डकोटा प्रदेशात जाणाऱ्या बैलगाड्यांबरोबर फिरली आणि बहुतेक हरवली. त्यामुळे ग्रूच्या आईने काय विचारले होते, हे आपल्याला ग्रूच्या उत्तरावरूनच ओळखावे लागते: लोणी नीट लागते का, मुलांना आपली भाषा येते का, तू पुन्हा कधी येशील. पंधरा वर्षांच्या त्या पत्रांनंतरही या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहिले.